लाल टाक्यांचा शर्ट

लाँड्रीवाल्या मावशींचा मुलगा परदेशात मेलाच नाही, पलटणीतून पळून आलाय आणि दुकानावरच्या माळ्यावर लपून बसलाय, ही बातमी गल्लीत पहिल्यांदा फुटली ती औषधवाल्याच्या बायकोच्या तोंडून. तिला सगळे रेडिओ म्हणत. फरक इतकाच, की रेडिओ बंद करता येतो.

पुरावा म्हणाल तर एक शर्ट. लाँड्रीत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कॉलरमध्ये वेगळी खूण असते. पोराच्या कपड्यांना मावशी लाल दोऱ्याचे टाके घालायच्या. तोच लाल टाक्यांचा शर्ट दर आठवड्याला दोरीवर वाळताना दिसे.

"मेलेला माणूस शर्ट मळवतो का हो?" रेडिओनं सगळ्यांना विचारलं, मावशींना सोडून.

मावशींच्या कानावर ते यायचं ते आलंच. त्यांना हसून सोडता येईना, कारण त्या शर्टानं त्यांचाही जीव टांगणीला लावला होता.

पोरगं विशीतलं. शिट्टी वाजवत इस्त्री करायचं आणि गिऱ्हाइकांच्या खिशात विसरलेल्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचून दाखवायचं. मग पलटणीत भरती झालं. सातासमुद्रापार एका चौकीवर स्फोट झाला, त्यात गेलं. पेटी सीलबंद आली, उघडू दिली नाही. मागून कपड्यांची बॅग आली, तर मावशींनी धंद्याच्या सवयीनं सगळे कपडे लगोलग भिजत घातले. फेस चढल्यावर ध्यानात आलं, की पोराचा वास उरला होता तोही गेला.

धुतलेले शर्ट त्यांनी माळ्यावर ट्रंकेत ठेवले. पुढच्या आठवड्यात त्यातला एक मळक्या ढिगात. पुन्हा धुतला, वर ठेवला. पुन्हा ढिगात, कॉलरला घामाची रेघ.

नवऱ्याला विचारायची सोय नव्हती. पोराचा विषय निघाला की काका ताटावरून उठत. गळ्यापर्यंत बटणं लावलेला स्वेटर चढवून ते वाफेच्या इस्त्रीपुढे उभे राहत.

"काका, कपड्यांबरोबर स्वतःलाही वाफवताय की काय?" गिऱ्हाइकं चिडवायची.

"थंडी वाजते," एवढंच उत्तर.

वर फळी करकरली की मावशींच्या हातातली बादली थांबायची. शेवटी त्यांनी शिडीपाशी ताट झाकून ठेवलं. ते तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवलं, तेव्हा काकांनी पाहिलं.

"अगं, हे कोणाचं?"

"अहो, लोक म्हणतात, वर…" मावशींनी माळ्याकडे बोट केलं. "तुम्ही एकदा बघून या. मला धीर होत नाही."

काकांनी इस्त्री उभी करून ठेवली. शिडीकडे ते गेलेच नाहीत. सावकाश स्वेटरची बटणं काढली. आत शर्ट होता, बाह्या दुमडलेल्या, कारण पोरगं बापापेक्षा उंच.

मावशींनी कॉलर उलटून टाके पाहिले.

"मग धुवायला कशाला टाकत होतात?"

"मळला होता," काका म्हणाले.

माळ्यावर कोणी नव्हतं. मुलगा परदेशातच मेला होता. शर्ट बाप घालत होता.