खांडीत उभा राहिलेला माणूस

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. पेण ठाण्याच्या हद्दीतलं बांधाचं प्रकरण मात्र कधीही काढा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगू शकतो. त्यात कुणाचा जीव गेला नाही, तरी त्याच्याइतक्या हट्टाने मी कुठल्याच गुन्ह्याच्या मागे लागलो नव्हतो.

जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. मी रोह्याहून बदलून नुकताच पेणला फौजदार म्हणून आलो होतो. भात निसवायला आलेलं, पौर्णिमेचं उधाण. दुपारी ठाण्यात जेवणाचा डबा उघडतोय तोच खाडीकाठच्या एका गावातून खबर आली की बाहेरचा बांध कुणीतरी फोडला, खारं पाणी शेतात शिरलं, आणि फोडणारा जागेवरच सापडलाय, लवकर या नाहीतर लोक त्याला सोडणार नाहीत.

खाडीकाठच्या माणसाला बांध फोडणं म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. खारं पाणी शिरलं की हातातोंडाशी आलेलं भात जातंच, वर जमीनही पुढली काही वर्षं रुसून बसते. आम्ही पोचलो तेव्हा तो माणूस डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखलेला होता आणि बऱ्यापैकी मार खाऊन झाला होता. गावात त्याला ‘कंपनीवाला’ म्हणत, कारण तो रोह्याच्या एका कारखान्यात शिफ्टला जाई. पाणी आलं तेव्हा तो एकटाच खांडीत उभा होता, हे गावातल्या प्रत्येकाने सांगितलं. खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. कारणही तयार होतं. गावाने त्याला जोळातून काढलं होतं, त्याचा त्याने सूड घेतला.

जोळ काय असतो ते सांगायला हवं. सरकारने बांध आपल्याकडे घेण्याच्या फार आधीपासून खाडीकाठच्या गावांनी ते स्वतःच राखले होते. त्यासाठी घरटी एक गडी असा संघ असे, तो जोळ. घरातला मुलगा कर्ता झाला की त्याने खाडीला नारळ द्यायचा, बांधावर चिखलाचा पहिला गोळा ठेवायचा आणि शपथ घ्यायची. त्यानंतर वय, पैसा काही न बघता जोळातले सगळे एकमेकांना ‘भाऊ’ म्हणत. एखादा आजारी पडला तर त्याचं शेत बाकीचे लावून देत, मेला तर त्याच्या घरची कापणी करून देत. त्यांचा प्रमुख तो ‘मोठा भाऊ’. शंख त्याच्या घरी. रिवाज असा की खांड जो पाहील त्याने जागा सोडायची नाही. तिथूनच साद घालायची. साद कानावर आली की मोठ्या भावाने शंख फुंकायचा आणि शंखावर सगळा गाव निघायचा. पहिला भाऊ येऊन ‘भाऊ, हो मागं, मी हाय’ म्हणेपर्यंत खांडीतल्या माणसाने हलायचं नाही.

स्वातंत्र्यानंतर बांधांवर सरकारी खातं आलं, मागोमाग ठेकेदार आले. तरणी पोरं कंपन्यांत गेली. जोळ नावाला उरला. आदल्या वर्षी शंख झाला तेव्हा कंपनीवाला रोह्याला शिफ्टवर होता. बांधावर आला नाही म्हणून मोठ्या भावाने त्याला जोळातून काढला.

ठाण्यात आणून त्याला दवाखाना दाखवला, डायरीला नोंद केली आणि समोर बसवला. फाटकाशी गावातली मंडळी ठाण मांडून होती. त्यांना तो परत हवा होता, चौकशी न होताच. आमचे जमादार म्हणाले, साहेब, केस सरळ आहे, उद्या रिमांडला उभा करू. सरळ केस मला आवडते, पण आयती आली की घास घशाखाली उतरत नाही. बांध फोडलेला माणूस पळून जातो. हा लोक येईपर्यंत तिथे उभा का राहिला?

त्याने सांगितलं की सुट्टी होती म्हणून बांधाकडे गेला, तर पाणी शिरताना दिसलं. पेंढ्याचे भारे टाकले, चिखल लावला, धार थांबेना, म्हणून स्वतःच भगदाडात आडवा उभा राहिला. मी विचारलं, मग हाक का मारली नाहीस?

“मी साद कशी घालू, सायब? मना जोळातून काढलाय. काढलेल्या मानसानं साद घालाची नाय.”

“पण गाव बुडत होता.”

“म्हनून तं उभा व्हतो.”

या बोलण्यावर जमादार हसले. मला हसू आलं नाही. खोटं बोलणारा माणूस यापेक्षा बरं कारण शोधतो.

मी गावातले जबाब पुन्हा काढून बसलो. झाडून सगळे शंख ऐकून आले होते. मोठ्या भावाच्या जबाबात होतं, ‘साद ऐकली आणि शंख फुंकला.’ त्याचं घर गावाच्या पार पलीकडच्या टोकाला, अंगणातून बांध दिसणं शक्य नाही. आता बघा. साद पडली असेल तर ती कंपनीवाल्यानेच घातली, कारण तिथे दुसरं कुणी नव्हतं, आणि बांध फोडणारा स्वतःच गाव गोळा करत नाही. साद पडली नसेल, तर खांड पडल्याचं मोठ्या भावाला कळलं कसं? दोन्ही वाटा कंपनीवाल्याच्या सुटकेकडे जात होत्या आणि त्यांतली एक मोठ्या भावाच्या दारात.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी जीप काढली, कंपनीवाल्यालाही बरोबर घेतलं. बांधाजवळच्या चिखलात निवटे पकडणारी एक म्हातारी होती. पोलीस दिसल्यावर लोक वाट बदलतात, हिने मलाच बाजूला हो म्हटलं, मासे पळत होते. आदल्या दिवशीही ती तिथेच होती. मी विचारलं, साद ऐकलीस का?

“साद कुनी घातली? नाय. मना थेट शंखच ऐकू आला. मी म्हनलं, आज रिवाज उलटा कसा झाला?”

तिथून मी मोठ्या भावाच्या घरी गेलो. म्हातारा ओटीवर बसला होता, शंख मांडीवर. मी आवाज न चढवता एवढंच सांगितलं की काल साद पडलीच नव्हती. ज्याला खांड दिसली त्याला साद घालायची तुम्हीच बंदी केली होती.

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्याच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. मग त्याने सगळं सांगितलं. तो बांधाला लहानशी चीर देऊन घरी आला होता आणि सादेची वाट बघत बसला होता. खांड पाहिलेला माणूस गप्प राहील हे त्याच्या कल्पनेपलीकडचं होतं. साद येईना, तिकडे पाणी चढत असणार, शेवटी राहवेना म्हणून शंख उचलला.

“जोळ मरत व्हता, सायब. मना वाटला, एकदा खांड पडली का समदी येतील, पयल्यासारखी.”

“आणि त्याला मारत होते तेव्हा?”

मला म्हाताऱ्याची कीव आली आणि रागही आला, आणि राग जास्त होता. पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून पंच बोलावले. त्याने बांधाबाहेरच्या खाजणातल्या चिखलात पुरलेली कुदळ स्वतः काढून दिली. पंचनामा झाला.

जीपभोवती गाव जमला होता. ओहोटी संपत आली होती, आणि आदल्या दिवसाच्या गोंधळात खांड तशीच उघडी पडलेली. दुपारच्या भरतीला उरलंसुरलं शेतही गेलं असतं. मोठ्या भावाने सगळ्यांसमक्ष आपलं कृत्य सांगितलं, शंख खाली ठेवला आणि कंपनीवाल्याकडे बघून म्हणाला, “साद तू घाल.”

कंपनीवाला बांधाकडे चालू लागला, सुजलेला पाय ओढत. खांडीत उतरला आणि त्याने साद घातली. कुणी जागचं हललं नाही. आदल्या दिवशी त्याला मारणारे हात होते ते, पुढे यायला लाजत होते. मग ती निवटेवाली पुढे निघाली. जोळात बाईमाणसाला कधीच जागा नव्हती. तिने टोपली बांधावर टेकवली आणि चिखलात उतरली.

खटला चालला, म्हाताऱ्याला शिक्षा झाली, त्याने अपील केलं नाही. त्या प्रकरणाने मला एक शिकवलं आणि पुढे नोकरीभर ते उपयोगी पडलं. माणूस आपल्या कृत्याबद्दल खोटं बोलतो, रिवाजाबद्दल बोलत नाही, कारण तिथे खोटं बोलता येतं हेच त्याला सुचत नाही. म्हणून संशयिताला मी आधी विचारायचो, तुमच्यात हे कसं करतात?

पण आठवण निघाली की मला कोर्ट आठवत नाही. ती बाई खांडीत कंपनीवाल्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, मागे गाव पेंढा घेऊन धावत होता, आणि आदल्या दिवशी कुणीच न म्हटलेलं वाक्य तिने त्याला म्हटलं.

“भाऊ, हो मागं. मी हाय.”