इंजिनांचा दातवैद्य

गल्लीच्या टोकाला जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला सगळे दातवैद्य म्हणत. चालू इंजिनावर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून तो त्याची मूठ दातांत धरी आणि डोळे मिटी. आवाज जबड्यातून थेट डोक्यात चढतो. कान काय, शेजारच्यांची भांडणंही ऐकत बसतात, असं त्याचं म्हणणं. त्याचं निदान कधी चुकत नसे.

पुढे त्याचे स्वतःचेच दात पडले आणि कवळी आली. बायकोखेरीज कुणालाच तिचा पत्ता नव्हता. तेव्हापासून मात्र त्याला सगळ्याच इंजिनांत कटकट ऐकू येऊ लागली. "हल्ली पेट्रोलच खोटं," तो म्हणे.

अशात निवृत्त मुख्याध्यापिकाबाई नवऱ्यामागे जिवापाड जपलेली लांब नाकाची गाडी घेऊन आल्या.

"मिस्त्री, टुकटुक वाजतंय."

त्याने स्क्रूड्रायव्हर चावला. "टुकटुक नाही बाई, कटकट. व्हॉल्व्ह सैल झालेत."

"मागच्या बाकावर कोण बोललं ते न वळता सांगणारी बाई आहे मी. टुकटुक!"

त्याने व्हॉल्व्ह घट्ट केले. बाईंना टुकटुक, त्याला कटकट. पुन्हा खोललं, पुन्हा तेच.

"संध्याकाळपर्यंत सापडलं नाही तर समोर नेते," बाई म्हणाल्या आणि सावलीत जाऊन बसल्या. समोर काचेचं नवं गॅरेज होतं. बाई तिकडे गेल्या की जुन्या गाडीवाले सगळेच त्यांच्या मागोमाग जाणार, आणि दातवैद्याला माश्या मारत बसावं लागणार.

दुपारी बायको डबा घेऊन आली. तो घाईघाईने जेवू लागला. ती ऐकत राहिली.

"अहो, तुम्ही ती कटकट म्हणता, ती हीच का?"

"कुठली?"

"घास चावा बघू."

त्याने चावला, आणि तसाच थांबला.

"काढा ती," बायको म्हणाली.

"इथे? बाई बघतील!"

"बघितलं तर हसतील. नाही काढली तर समोरचा हसेल."

बॉनेटच्या आडोशाला त्याने कवळी काढून बॅटरीशेजारी ठेवली आणि मूठ हिरड्यांत धरली. टुकटुक! घंटेसारखी स्वच्छ. टोक सरकवत सरकवत तो इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या छोट्या पंपापाशी आला. पंप खोलला, तर आतल्या दांड्याची स्प्रिंग तुटलेली. जुन्या सामानातली दुसरी बसवली. इंजिन मांजरासारखं गुरगुरू लागलं.

"काय होतं हो?" बाईंनी विचारलं. मिस्त्रीने ओठ घट्ट मिटून तुटकी स्प्रिंग पुढे केली. बायकोने धाडकन बॉनेट लावलं. बाई खुशीत निघून गेल्या.

गाडी वळणाआड गेली आणि त्याचा हात तोंडाकडे गेला.

"अगं..." एवढंच तो म्हणाला.

रात्र त्याने पेज पिऊन काढली. सकाळी गॅरेज उघडतो तो बाई दारात हजर.

"टुकटुक गेली. पण आता वळणावर कटकट होते."

मिस्त्रीने तोंडावर फडकं धरलं. बाईंनी स्वतःच बॉनेट उघडलं, रुमालात काहीतरी उचललं आणि नीट घडी घालून त्याच्या हातावर ठेवलं.

"मी माझी रात्री पाण्यात ठेवते. बॅटरीपाशी नाही," त्या हळूच म्हणाल्या. मग गाडीत बसता बसता समोरच्या गॅरेजला ऐकू जाईल एवढ्या शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "निदान मात्र तुमचं अचूक, मिस्त्री! कटकट होतीच!"