सहाव्याच्या पोटात गेलेलं सातवं कलम

खालापूरला कचेरीच्या रस्त्यावर माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. कर्जतहून रोज स्कूटरवर येते. वाटणीपत्रं, करारनामे, नियमावल्या, ज्या कागदाला कलमं लागतात तो माझ्याकडे येतो. आणि माझ्या कलमांचा मला गर्व होता, हे आधीच कबूल करते. गर्व कसला, चांगला माज होता.

माज चढला नेरळच्या एका नव्या सोसायटीमुळे. त्यांच्या नियमावलीसाठी आठवडाभर खपून मी आकड्यांची अशी काही मांडणी बसवली होती की बघत राहावं. सगळ्यात वरची पायरी प्रकरण: १, २, ३. त्याच्या खाली, जरा आत सरकून, कलम: १.१, १.२. प्रत्येक पायरीला कॉम्प्युटरमध्ये तेच नाव दिलेलं, म्हणजे तिची स्टाइल. मधेच एखादा मुद्दा घुसवला की खालचे सगळे आकडे आपोआप पुढे सरकायचे. हे मी गिऱ्हाइकांना जादूच्या प्रयोगासारखं करून दाखवायचे. एक बोट हवेत धरायचं, जरा थांबायचं आणि मग एंटर दाबायचा. एका ग्रामसेवकांनी तर टाळी दिली होती.

मग काय, कुठलाही नवा कागद आला की सोसायटीची फाइल उघडायची, नव्या नावाने ठेवायची, आतला मजकूर पुसायचा आणि नवा ओतायचा. साचा तयार, आपण मोकळे. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं.

मग खोपोलीकडच्या एका गावातून एक कुटुंब आलं. दोन भाऊ आणि त्यांची वहिनी. थोरला भाऊ वारलेला. त्याच्या वाट्याचं शेत वहिनींच्या नावावर झालं होतं, प्रश्न राहिला होता घराचा. घर दोघा भावांत वाटायचं, पण मागच्या दोन खोल्यांत वहिनींनी राहायचं, असं घरात बसून ठरलं होतं. त्या खोल्या धाकट्याच्या वाट्यात येत होत्या. वहिनींना मूलबाळ नाही, माहेरी कुणी उरलेलं नाही. त्या दोन खोल्या म्हणजेच त्यांचं सगळं.

वकिलांनी हाताने लिहिलेला मसुदा दिला होता. सहाव्या कलमानंतर त्यांनी एक बाण काढून लिहिलं होतं, "इथे राहण्याच्या हक्काचं कलम, तुमच्या जुन्या वाटणीपत्रातून घ्या." मी घेतलं. जुनी फाइल उघडली, कलम उचललं, नव्यात चिकटवलं, नावं बदलली. पाच मिनिटांचं काम.

माझ्या दुकानाची एक पद्धत आहे. पक्की प्रत काढण्याआधी कागद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. मी तो नुसता वाचत नाही, सादर करते. गणपतीतल्या नाटकांत राण्यांची कामं केल्याचा हा परिणाम. त्या दिवशीही खुर्ची मागे सारून उभी राहिले आणि सुरू केलं. दोघं भाऊ बाकावर, वहिनी समोरच्या स्टुलावर. डोळे मिटून त्या एकेक बोट दुमडत होत्या. मला वाटलं, जप चाललाय.

शेवटचं कलम संपलं. मी पाण्याचा घोट घेतला.

"आठच?" वहिनी म्हणाल्या.

"हो, आठ."

"नव व्हते. वकिलांनी घरी सांगितले तवा मी मोजले. माजा सातवा. तू सातवा वाचलास तो रस्त्याचा."

"अहो, तुमचं आलं की. सहा पूर्णांक एक."

"हे पूर्णांक काय असतं गं? मला पूर्ण पायजेल."

मधला भाऊ हसला. मीही हसले आणि पडद्याकडे बघितलं. मग मात्र माझं हसू जिथल्या तिथे राहिलं.

सहावं कलम होतं तात्पुरत्या सोयींचं. "धाकट्या भावाचे नवीन घर बांधून पूर्ण होईपर्यंत खालील सोयी चालू राहतील." धाकट्याने मधल्याचा गोठा तोवर वापरायचा, वगैरे. आणि त्याच्या खाली, आत सरकून बसलेलं ६.१: वहिनींचा दोन खोल्यांत राहण्याचा हक्क. म्हणजे घर बांधून झालं की हक्क संपला.

झालं होतं असं. ते जुनं वाटणीपत्र सोसायटीच्याही आधीचं, त्यात सगळ्यात वरच्या पायरीलाच मी "कलम" नाव दिलं होतं. सोसायटीच्या साच्यात "कलम" ही दुसरी पायरी. नाव एक, हुद्दा वेगळा. आणि एका फाइलमधून दुसरीत मजकूर नेला की कॉम्प्युटर नाव बघतो आणि ज्या घरात आला तिथली रीत लावतो. नव्या सुनेसारखं. माहेरी पहिल्या पंगतीला बसणारी इथे आल्याबरोबर मागे. बाकीची कलमं मी हाताने टाइप करून वरच्या पायरीवर बसवली होती, म्हणून ती जागेवर राहिली. घसरलं ते एकटं वहिनींचं.

पहिल्यांदा मनात आलं, सांगावं की कॉम्प्युटरने घोळ केला. बिचारा कॉम्प्युटर कुठे उलटून बोलतो! पण वहिनी बघत होत्या माझ्याकडे.

"चूक माझी आहे," मी म्हटलं, "पण वकिलांचा बाण सहाच्या खालीच आहे, आणि पुढच्या कलमांना त्यांनी आकडे घातलेले नाहीत. त्यांना हे सहाच्या आत हवं होतं की वेगळं, ते कागदावरून कळत नाही."

वकिलांना फोन लावला. कोर्टात होते, फोन बंद. रजिस्ट्रेशनची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळची.

आता सगळ्यांचे डोळे धाकट्याकडे गेले. खोल्या त्याच्या. तो नुसता "मला आठवत नाय" म्हणाला असता तरी त्याचं काम झालं असतं. तो चपलेच्या अंगठ्याकडे बघत बसला. मधला मदतीला आला, पण कुणाच्या ते कळेना. "बोल ना रं. व्हता ना तू तितं?"

वहिनींची दुमडलेली बोटं तशीच मांडीवर.

"सातवा व्हता," धाकटा म्हणाला. "येगळा. वैनीचं बरोबर हाय."

मी खुर्चीत बसले. वहिनी उठून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "कुटं पडलंय ते दाव मला."

मी दाखवलं. त्या ओळीला वरच्या पायरीची स्टाइल दिली. ओळ डावीकडे सरकली आणि ७ झाली. खालच्या रस्त्याचं ८ झालं, शेवटचं ९.

"बाकीचे आपले आपण सरकले?"

"हो."

"बगा भाऊजी, जागा द्यायची म्हटली की सरकता येतं."

"सरकलो ना वैनी, अजून किती सरकू!" धाकटा म्हणाला.

त्या दिवसापासून सोसायटीची फाइल पुसून वापरणं मी बंद केलं. आता एक कोरा साचा आहे, त्यात मजकुराचं अक्षर नाही, फक्त पायऱ्या. त्यांची नावंही पहिली, दुसरी, तिसरी अशी सरळ ठेवली. प्रत्येक नवा कागद त्यातूनच सुरू होतो. बाहेरून काही आणलं तर नुसता मजकूर आणते, त्याची जुनी स्टाइल दाराबाहेर ठेवते, आणि हुद्दा माझ्या हाताने देते.

पण त्या दिवशी वहिनींचं अजून संपलं नव्हतं. "यात कवापर्यंत ते लिहिलंय का?"

नव्हतं. जुन्या वाटणीपत्रात ते लागलं नव्हतं. मी धाकट्याकडे बघितलं.

"लिवा ताई. मरेपर्यंत."

"मराया घाई नाय मला," वहिनी म्हणाल्या.

मी "तहहयात" टाइप केलं. पुन्हा पहिल्यापासून नऊच्या नऊ वाचून दाखवली, प्रत काढली. मधला चहा सांगायला गेला. धाकटा कागद हातात धरून सातव्या कलमावर थांबला होता. मला राहवेना. विचारलं, "नवीन घराचा नकाशा त्या खोल्यांच्या जागेवर होता का हो?"

"व्हता," तो म्हणाला. "आता पुढं अंगणात बांदायचं. येक खोली कमी व्हईल."

वहिनी पिशवीत चष्मा शोधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "व्हऊ दे रं. झाडाया बरं."