विहीणबाईंच्या मांडीवर डोकं

लेकीचं आणि जावयाचं असं ठरलं की आम्ही चौघांनी एकमेकांच्या जवळ यायला हवं. चौघं म्हणजे मी, माझा नवरा आणि आमचे व्याही-विहीण. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि आमची जवळीक संक्रांतीच्या तिळगुळापलीकडे गेली नव्हती. पोरं दोघंही सॉफ्टवेअरमध्ये आहेत, त्यामुळे त्यांना वाटतं की कुठलीही बिघडलेली गोष्ट बंद करून पुन्हा चालू केली की सुरळीत होते. त्यांनी आम्हाला हैदराबादेतून उचलून पाच दिवसांसाठी थायलंडला नेऊन टाकायचं ठरवलं. स्वतः आली नाहीत. सुट्टी नाही म्हणाली.

आमच्यात भांडण नव्हतं. भांडण असतं तर निदान बोलणं तरी झालं असतं. आम्ही विद्यानगरचे. नवऱ्याचे पणजोबा निजामाच्या महसूल खात्यात पेशकार होते, ही गोष्ट तो नव्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत सांगतो आणि जुन्या माणसाला दर भेटीत. व्याह्यांचा बेगम बाजारात सुक्या मिरचीचा ठोक व्यापार, घराणं मूळचं नांदेडकडचं, शेतकरी. भेट झाली की माझा नवरा पणजोबा काढायचा, व्याही मिरची काढायचे आणि विहीणबाई खिडकीबाहेर बघत बसायच्या. मी विचारायची, "काय म्हणता विहीणबाई?" त्या म्हणायच्या, "चाललंय." दोन वर्षांत त्यांच्या तोंडून मी एवढंच ऐकलं होतं. मनातल्या मनात मी त्यांना घुमी म्हणायची. खरं सांगायचं तर मनातच नाही, लेकीपाशीही म्हणायची.

तिसऱ्या दिवशी पोरांनी आमची स्पीडबोटीची सहल ठरवून ठेवली होती. दहाच माणसं, समुद्रातल्या गुहा, दोन किनारे, मधे जेवण. धक्क्यावर आमची गाइड उभी होती, पंचेचाळिशीची ठेंगणी बाई, डोक्यावर पिवळी टोपी. तिने आम्हा चौघांचे मम्मी-पप्पा करून टाकले. मोडक्या इंग्रजीत तिने बजावलं की बोटीच्या नाकाकडची बाकं फार उडतात, ज्यांची पाठ कंबर दुखते त्यांनी मागे बसावं.

माझ्या नवऱ्याने यातलं फक्त "पुढची बाकं" एवढंच ऐकलं. मुलीचा बाप लग्नानंतर सुधारतो असं नाही. तो हात पसरून व्याह्यांना म्हणाला, "या, पुढे या. पुढची जागा तुमची."

व्याही म्हणाले, "असं कसं? तुम्ही वडील आहात."

"छे छे. मुलाकडचा मान तो मुलाकडचा मान."

"बरं, मान आहे तर घ्यायचा," असं म्हणून व्याही जाऊन अगदी नाकावर बसले. नव्वद किलोचा माणूस, अंगात केशरी लाइफ जॅकेट, डोळ्यावर काळा चष्मा. विहीणबाई मात्र काही न बोलता मागे माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्यांनी गाइडचं नीट ऐकलं होतं.

खाडी संपेपर्यंत व्याही खूश होते. वळून वळून आम्हाला हात दाखवत होते. मग उघडा समुद्र लागला आणि बोट पळेना, उडायला लागली. एकेका लाटेवर ती वर जायची, तिच्यापाठोपाठ व्याही वर जायचे, आणि बोट आधी खाली यायची. मधल्या क्षणी व्याही कशावरच बसलेले नसायचे. मी नवऱ्याला म्हटलं, "त्यांना मागे बोलाव." तो म्हणाला, "दिलेला मान परत कसा घेणार? बरं दिसत नाही." व्याह्यांनाही बहुधा उठून मागे येणं बरं दिसत नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी दांडा धरला आणि हात दाखवणं बंद केलं. अर्ध्या तासाने एक मोठी लाट आली. व्याही खाली आले तेव्हा त्यांच्या तोंडून, पोत्यावर पोतं टाकल्यावर येतो तसा एक आवाज आला. मग ते हललेच नाहीत.

पहिल्या बेटावर बोटीचे दोन खलाशी आणि माझा नवरा यांनी मिळून त्यांना उतरवलं. पाठ धरली होती. सरळ होता येईना, वाकता येईना. झाडाखाली चटई टाकून त्यांना उताणं झोपवलं. गाइडने कसलं तरी हिरवं मलम आणलं, त्याच्या वासाने माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. व्याही आभाळाकडे बघत म्हणाले, "काही नाही, काही नाही. परेशान होऊ नका. तुम्ही लोक गुहा बघून या."

माझा नवरा म्हणाला, "मी यांच्यापाशी थांबतो." अपराधी वाटलं की तो सेवेला तत्पर असतो. मीही थांबायच्या तयारीत होते, कारण गुहा मला बघायची नव्हतीच. तेवढ्यात विहीणबाई उठल्या, ड्रेसची वाळू झटकली आणि म्हणाल्या, "चला, आपण जाऊन येऊ. इथं बसून यांची पाठ काय आपल्याच्यानं सुटणार आहे?"

दोन वर्षांतलं ते त्यांचं सगळ्यात लांब वाक्य होतं. मी इतकी चकित झाले की नाही म्हणायचं राहून गेलं.

गुहेत मोठी बोट जात नाही. छोट्या रबरी होडीत दोन माणसं आणि मागे एक वल्हवणारा. मी पुढे बसले, माझ्या मागे विहीणबाई. होडी इतकी अरुंद की त्यांचे पाय माझ्या कमरेच्या दोन्ही बाजूंना आले. ते पाय मी ओळखत होते. लग्नात मुलाच्या आईचे पाय धुवायची आमच्याकडे रीत आहे आणि मी ते परातीत घेऊन धुतले होते. नवऱ्याच्या घराण्याला पेशकारी असली तरी रीत सुटत नाही.

गुहेचं तोंड लांबून बरं दिसत होतं. जवळ गेल्यावर कळलं की भरती चढत चालली आहे आणि पाणी आणि खडक यांच्यामध्ये जेमतेम हातभर फट उरली आहे. वल्हवणारा म्हणाला, "मम्मी, स्लीप." मला आधी कळेना. मग विहीणबाईंनी माझे खांदे धरून मला मागे ओढलं आणि माझं डोकं थेट त्यांच्या मांडीवर आलं. त्या स्वतः मागे त्या वल्हवणाऱ्यावर रेलल्या. अशा अवस्थेत आम्ही तिघं डोंगरात शिरलो.

आत गच्च काळोख. वटवाघळांचा वास. खडक माझ्या नाकावरून सरकत होता आणि त्यातून थेंब थेंब पाणी कपाळावर पडत होतं. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. चुनखडीचा खडक पाण्याने कसा झिजतो हे मी फळ्यावर शेकडो वेळा काढून दाखवलं आहे. त्याचा त्या वेळी काडीचा उपयोग झाला नाही. मला श्वास येईना. एकच सुचलं की उठून बसायचं. मी मान उचलली.

एक तळहात माझ्या कपाळावर येऊन बसला आणि त्याने माझं डोकं दाबून धरलं.

"उठू नको," विहीणबाई म्हणाल्या. "डोकं फुटंल. डोळे मीट."

"मला श्वास येत नाहीये."

"येतोय. बोलायलीस म्हणजे येतोय. नाकानं घे. मी आहे ना."

मी डोळे मिटले. माझ्या कपाळावर त्यांचा हात तसाच होता, खरखरीत आणि गरम. त्या काहीतरी बोलत राहिल्या. त्यांच्या गावच्या विहिरीत असाच गारवा असायचा, आत कबुतरं असायची, त्या आणि त्यांची बहीण पायऱ्यांवरून उड्या मारायच्या. आता मोज, त्या म्हणाल्या, पन्नासपर्यंत मोज. मी छत्तिसाला पोचले तेव्हा पापण्यांवर उजेड आला.

आम्ही डोंगराच्या पोटातल्या एका तळ्यात होतो. चारी बाजूंनी उंच कडे, त्यांना लटकलेली झाडं, वर उघडं आभाळ आणि खाली हिरवं, न हलणारं पाणी. मी उठून बसले. पुढच्या दोन होड्या बाहेर निघेपर्यंत आम्हाला तिथेच थांबायचं होतं. माझे हात कापत होते. ते लपवायला मी म्हटलं, "तुम्ही तर बोलता की."

"मी बोलते. तुमच्याकडं आलं की बोलायला जागा कुठं असते? साहेब पेशकार सांगतात, आमचे हे मिरची सांगतात, मधल्या वेळात तुम्ही सांगता."

मग त्यांनीच विचारलं, "एक विचारू? लग्नात पाय धुतले, ते पाणी इतकं गार कशानं होतं? डिसेंबरची सकाळ, मला हुडहुडी भरली."

कापणारी माणसं खोटं बोलू शकत नाहीत. मी म्हटलं, "गरम पाण्याची कळशी शेजारीच होती."

"मग?"

"नाही घातलं."

"मुद्दाम?"

"थोडंसं."

मग होडी हलायला लागली. मी वळून बघितलं तर विहीणबाई तोंडावर ओढणी धरून हसत होत्या, खांदे गदागदा हलवत, आणि तो वल्हवणारा बिचारा होडी सावरत होता. "मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "मी घरी येऊन बोलले, तर हे म्हणले, पेशकाराच्या घरचे लोक असं करणार नाहीत."

मग मीही हसले. हसता हसता जीभ सुटली आणि मी म्हणून गेले की गेल्या दिवाळीत तुम्ही पोरांना चारही दिवस ठेवून घेतलंत, त्याचा मला राग होता.

त्यांचं हसू थांबलं. "आमच्याकडं? पोरं तर तुमच्याकडं होती."

"आमच्याकडे नव्हती."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग तारखा लावल्या, फोन आठवले. त्यांना भाऊबिजेच्या दिवशी मुलाच्या फोनमधून मागे कुणीतरी वाजवत असलेला ढोल ऐकू आला होता. आमच्या लेकीने फराळाचा डबा "आता तिकडंच पोचवते" म्हणून धनत्रयोदशीलाच नेला होता. तो डबा ना बेगम बाजारात पोचला, ना परत आला. विहीणबाई म्हणाल्या, "चकल्या होत्या का त्यात?" मी म्हटलं, "दोन किलो." त्या म्हणाल्या, "अगं बाई."

परत येताना मी आपणहून त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि डोळे मिटून घेतले. भीती वाटलीच, पण मुलांचा रागही येत होता, त्यामुळे भीतीकडे पुरेसं लक्ष देता आलं नाही.

किनाऱ्यावर व्याही तसेच उताणे होते आणि शेजारी मांडी घालून माझा नवरा त्यांना निजामाच्या महसुलाची पद्धत समजावून सांगत होता. इतका चांगला श्रोता त्याला जन्मात मिळाला नव्हता. हा श्रोता उठून जाऊच शकत नव्हता. आम्हाला बघून व्याह्यांच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं.

विहीणबाईंनी त्यांची चौकशी केली, पाण्याची बाटली दिली, मग लाइफ जॅकेट काढून माझ्या हातात ठेवलं, ओढणी काढून तीही ठेवली, आणि चालत पाण्यात गेल्या. गुडघे, कंबर, छाती. गाइड "मम्मी, मम्मी" करत मागे धावली. तोवर विहीणबाई पोहायला लागल्या होत्या. डोकं वर, मान ताठ, एकेक हात टाकत, विहिरीत शिकलेली माणसं पोहतात तसं. खुणेच्या दोरापर्यंत गेल्या, तिथे उताण्या होऊन तरंगत राहिल्या.

व्याह्यांना पडल्या जागेवरून दिसत नव्हतं. "काय झालं? कोण बुडालं?"

"कुणी नाही. तुमच्या मंडळी पोहतायत," माझा नवरा म्हणाला.

"माझी? तिला कुठं येतं?"

नवऱ्याने त्यांच्या मानेखाली हात घालून डोकं उचललं. व्याह्यांनी बघितलं. चौतीस वर्षांचा संसार, आणि चेहऱ्यावर असा भाव की दुकानातल्या मिरचीच्या पोत्यातून भलतंच काही निघालंय. विहीणबाई निथळत परत आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "कधी सांगितलं नाहीस?"

"बेगम बाजारात कुठं पोहणार होते?" विहीणबाई म्हणाल्या आणि केस पिळायला लागल्या.

संध्याकाळी हॉटेलातून आम्ही दोघींनी पोरांना व्हिडिओ कॉल लावला. लेकीने आनंदाने विचारलं, "मग, झालात का क्लोज?" विहीणबाई म्हणाल्या, "झालो. दिवाळीला कुठं होतात?" पडद्यावरची दोन्ही तोंडं इतकी गप्प झाली की मला वाटलं नेट गेलं. शेवटी जावई पुटपुटला, गोव्याला. आम्ही रागावलो नाही, निदान फार नाही. विहीणबाईंनी फक्त चकल्या कशा होत्या तेवढं विचारलं.

व्याह्यांची पाठ सुटायला तीन आठवडे लागले. अजून कमरेला पट्टा आहे आणि माझ्या नवऱ्याला वाटतं त्याच्यावरच त्यांचा राग आहे. तसा नसावा. गेल्या रविवारी त्यांनी बोलावून घेतलं आणि पणजोबांबद्दल स्वतःच विचारलं. नवऱ्याला इतकं अवघडल्यासारखं झालं की त्याने दहा मिनिटांत आटपलं.

पोरांना आता आमच्या जवळिकीचा त्रास होतो. लेक म्हणते, "आई, तुम्ही रोज काय बोलता एवढं?" आम्ही त्यांच्याबद्दलच बोलतो, पण सगळा वेळ नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी बायकांच्या वेळेला आम्ही पोहण्याच्या तलावावर जातो. त्यांनी मला सहा महिन्यांत पोहायला शिकवायचं मनावर घेतलं आहे. पाचवा महिना चालू आहे. मी काठाचा दांडा धरून उताणी होते, त्या माझ्या पाठीखाली हात धरून उभ्या राहतात आणि म्हणतात, "विहीणबाई, दांडा सोडा." मी हो म्हणते आणि सोडत नाही.