बाबांचा स्कॅन पाठवताना

सकाळी चहा पिता पिता बाबा बोलायचे थांबले. कप निसटला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. रहाटणीतल्या आमच्या घराजवळच्या छोट्या हॉस्पिटलात मी त्यांना रिक्षातून नेलं. मेंदूचा स्कॅन झाला.

"रक्तस्राव दिसतोय," तिथले डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशनचं मेंदूच्या सर्जनना विचारावं लागेल. त्यांनी लिंक पाठवलीय, पण आमचं नेट बंद पडलंय. तुम्ही पाठवू शकाल?"

त्यांनी पेन ड्राइव्ह हातात ठेवला. लॅपटॉप माझ्या ऑफिसच्या बॅगेतच होता. बाकड्यावर बसून मोबाइलचं नेट जोडलं, डॉक्टरांनी दाखवलेली लिंक ब्राउझरमध्ये उघडली, पेन ड्राइव्हवरची स्कॅनची फाइल चौकटीत ओढून सोडली. निळी पट्टी थोडी सरकली, थांबली. अपलोड अयशस्वी. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आतून बाबांची घरघर ऐकू येत होती. लॅपटॉप तसाच उघडा धरून मी रस्त्यावर धावले.

समोरच्या गॅरेजचे चाचा बाबांची स्कूटर दुरुस्त करायचे. माझा चेहरा बघूनच ते उठले.

"काय झालं, बेटा?"

"बाबांचा स्कॅन जात नाहीये, चाचा. नेट हवंय."

"आत ये. सीसीटीव्ही कॅमेऱ्यासाठी वायरचं नेट घेतलंय मी."

त्यांनी पान्हे बाजूला सारून टेबल मोकळं केलं आणि कंप्रेसर बंद केला. "हा चालू झाला की कधीकधी फ्यूज उडतो," म्हणाले आणि बटणापाशीच उभे राहिले. आलेल्या गिऱ्हाइकाला हातानंच थांबवलं.

पट्टी सरकत होती. मी श्वासही जपून घेत होते. चुकून टॅब बंद झाला तर? लाइट गेली तर? मी इथं बसलेय आणि तिकडे बाबा गेले तर?

अपलोड पूर्ण, अशी अक्षरं उमटली. तरी विश्वास बसेना. खरंच पोचली असेल?

थोड्या वेळानं सर्जनचा फोन आला. "पाहिला मी. ऑपरेशन लागणार. ताबडतोब चिंचवडला आणा, मी तयारी करतो."

मी धावत हॉस्पिटलात परतले आणि बाबांबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये चढले. लॅपटॉप गॅरेजमध्येच राहिला होता. तो घेऊन चाचा मोटारसायकलवरून मागोमाग आले आणि ऑपरेशन संपेपर्यंत माझ्याशेजारी बसून राहिले.

बाबा वाचले. उजवा हात अजून जड आहे, शब्द शोधावे लागतात. शुद्धीवर आल्यावर बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग कसंबसं म्हणाले, "घाबरलीस?"

मी नाही म्हणाले. पण त्यांचा हात काही सोडला नाही.