दुष्काळातलं सोनपाखरू

बातमी छापली की संपते. तिच्यामागचा किस्सा मात्र डोक्यात मुक्काम ठोकतो. माझ्या डोक्यात असं बरंच बिऱ्हाड आहे. त्यातला एक कोपरा प्रा. खामकरांचा. बाहत्तरच्या दुष्काळात ते नगरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. बी.एस्सी.ला हा विषय ‘स्पेशल’ घ्यायचा तर पोरांना पुण्याला जावं लागे. पोरींना घरचे पाठवतच नसत. तो नगरला मिळावा म्हणून सर झगडत होते आणि पुणे विद्यापीठाची समिती पाहणीला यायची होती. पुणेकरांना नगर ठाऊक होतं ते दुष्काळाच्या मथळ्यांतून. माझं डोकं तिथंच फिरायचं.

*

मोराच्या निळ्या रंगावर मी एकदा पेपरात चार ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी सर मोरपीस आणि खल घेऊन ऑफिसात हजर. पिसाचा डोळा कातरला, खलात घोटला. उरली काळपट तपकिरी पूड.

“कुठाय निळा रंग? पिसात नुसती बारीक थरांची रचना आहे. उजेड तिच्यावरून परततो तो निळा होऊन. रचना मोडली, निळाई गेली.”

आमच्या संपादकांनी चिमूटभर पूड उचलली. “सर, ही ओढली तर शिंक येईल का हो?”

*

घोडेगावच्या बैलबाजारात मी बातमीसाठी गेलो, सर सोबत. एका बैलाच्या कपाळावर मोरपिसांचा तुरा होता. कुठल्या कोनातून निळा हिरवा होतो हे बघत सर बैलाभोवती फिरू लागले. वाकले, पुन्हा फिरले. व्यापारी आधी खूश होता, मग वैतागला.

“मास्तर, बैलात खोड न्हाई. पायजे तर दात बघा.”

“बैल नकोय हो, तुरा बघतोय.”

व्यापारी माझ्याकडे वळला. “पाव्हनं, ह्यांना घरी न्या. ऊन लई लागलंय.”

*

सरांचा खरा जीव सोनपाखरांत. रताळ्याच्या पानावरचा हा नखाएवढा किडा जिवंत असताना अस्सल सोनं. मेलं की मातकट. पाठीच्या थरांतला ओलावा सुकला की चकाकी जाते.

समिती येण्याच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेचा शिपाई पिराजी याला संग्रहाच्या पेटीतली ती मातकट पाखरं बघवेनात. गणपतीच्या मुकुटाचा सोनेरी रंग आणून त्यानं सगळ्यांवर हात फिरवला. सर आले आणि पेटीवर वाकले.

“पिराजी, हे काय केलंस?”

“पुन्याचं लोक येनार, सर. मेलेलं काय दावायचं?”

“आणि खोटं दाखवायचं?”

पिराजी मान खाली घालून म्हणाला, “एक ऱ्हायलंय. रंग संपला.”

*

रंगवलेली पाखरं सरांनी काढून टाकली. समितीपुढे गेली ती जवळजवळ रिकामी पेटी. अध्यक्ष हसले.

“एवढाच संग्रह? तोही मातीच्या रंगाचा? बरोबरच आहे म्हणा, कोरडा जिल्हा तुमचा.”

बातमीसाठी आलेला मी भांडायला तोंड उघडणार, तोच सरांनी मला डोळ्यांनीच बसवलं. अध्यक्षांपुढे पाण्याचा पेला होता. टँकरचं पाणी, पाहुण्यांपुरतं राखलेलं. सरांनी पाखराची टाचणी काढली आणि पाखरू त्या पेल्यात सोडलं.

“तोवर ग्रंथालय बघून या, साहेब.”

मंडळी परतली तेव्हा पेल्यात सोनं चमकत होतं. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.  प्राचार्य घाईनं म्हणाले, “पिराजी, साहेबांना दुसरं पाणी आण.”

“दुसरं न्हाई, सर. आज टँकर आला न्हाई.”

अध्यक्षांनी पेला उजेडाकडे धरला, सावकाश फिरवला.

“राहू द्या,” ते म्हणाले. “आता खेड्यांतून मुलीही येतील. त्यांचं वसतिगृह कुठे बांधणार आहात?”