बाबांचा टॅब सारखा झोपायचा

परवा कुरखेड्याजवळच्या एका गावात मी स्टेजसमोरच्या खड्ड्यात बसले होते. तिथे बाबा जे बोलले ते अजून डोक्यातून जात नाहीये...

आधी सांगते, माझे बाबा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर आहेत. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव नाटकं लागतात, तालमी मोजक्याच होतात, त्यामुळे नट अर्धं नाटक प्रॉम्प्टरच्या भरवशावर करतात. त्या खड्ड्यात बसून वाक्यं पुरवण्यात बाबांची अख्खी हयात गेली.

यंदा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनचं नाव काढलं की एकच उत्तर, "सीझन होऊ दे." पुस्तकातली अक्षरं तर दिसेनात... म्हणून मी चंद्रपूरहून टॅब घेतला, सगळं नाटक टाइप केलं. काळ्या स्क्रीनवर बोराएवढी पांढरी अक्षरं. बाबा जाम खूश झाले.

आणि मग नायिकेचं काम करणाऱ्या सुनंदाताईंचा फोन आला. "बाई, तुहे बाबा मधातच चूप होऊन राह्यले. आमी नुसते उभे."

मी बाबांना विचारलं, टॅब बंद पडतो का? तर तुटकपणे म्हणाले, "टॅबले काई नाई झालं."

माझा कुठला विश्वास बसायला. शेवटचा अंक टाकायचा राहिलाय असं खोटंच सांगून टॅब घरी घेऊन आले. बॅटरी ठणठणीत. स्क्रीन बंद व्हायची वेळ वाढवली, बॅटरी सेव्हर काढला, अपडेट टाकले, शेवटी रीसेट मारून नाटक पुन्हा भरलं. संध्याकाळभर चालू ठेवला तर पठ्ठ्याने एकदाही डुलकी घेतली नाही. डोकं फिरायची पाळी आली माझी.

म्हणून परवा दुपारच्या तालमीला बाबांच्या शेजारीच जाऊन बसले. वर ताडपत्री, खड्ड्यात अंधारच. पहिला प्रवेश सुरू झाला... आणि थोड्या वेळाने स्क्रीन काळी. बाबा गप्प. वर सुनंदाताई गप्प.

"बघा, झोपला हा पुन्हा," मी वैतागून म्हटलं.

"कोन?"

"टॅब हो. काळा ठिक्कर पडलाय."

बाबा हळूच माझ्याकडे वळले. "म्हंजे... तुलेबी अक्षरं दिसून नाई राह्यली?"

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं. इतके दिवस बाबा समजत होते की आपले डोळे चाललेत. अक्षरं विझायची, टॅब उचलून डोळ्यांजवळ नेला की परत यायची, खाली ठेवला की पुन्हा थोड्या वेळाने जायची... मोतीबिंदू शेवटी असाच आंधळं करतो, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. आईला सांगितलं नाही, मला नाही. सांगितलं ते फक्त नाटक कंपनीच्या मालकांना, परवाच सकाळी. दुसरा प्रॉम्प्टर पाहून ठेवा म्हणून.

मी मोबाईलचा टॉर्च मारला. टॅबच्या कोपऱ्यावर एक गोल लोहचुंबक, जळक्या लाऊडस्पीकरमधून काढलेलं. बाबांचं जुनंच. पूर्वी पुस्तकाखाली पत्रा ठेवायचे आणि वाऱ्याने पान उडू नये म्हणून वरून हे लावायचे. आता नटांच्या पायांनी फळ्या हादरल्या की टॅब सरकतो, म्हणून सवयीने त्याच्यावरही हेच ठेवलेलं.

टॅबचं कव्हर मिटलं की स्क्रीन झोपते ना, ती कव्हरमधल्या छोट्या चुंबकामुळे. फळ्या हादरून हे चुंबक नेमकं कव्हरच्या चुंबकाच्या जागी सरकलं की या बिचाऱ्याला वाटायचं कव्हर मिटलं; टॅब उचलताना बाबा चुंबक काढायचे, की तो पुन्हा जागा. मी चुंबक उचललं, अक्षरं आली. परत तिथेच ठेवलं, गेली.

मग बाबांनी स्वतः करून पाहिलं. परत पाहिलं. मग डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली आणि बसल्या जागी रडले. मीही रडले, लाज कसली त्यात.

वरून सुनंदाताई वाकल्या. "भाऊ, काय झालं जी?"

"काई नाई बाई. उभी राय. पयल्यापासून घेऊ."

आणि असा काही आवाज लावला म्हणता... सुनंदाताई हसून म्हणाल्या, "भाऊ, हळू सांगा जी, लोकाईले माह्या आंधी तुमचंच ऐकू जाईन."

मालकांना "दुसरा नोको पाहू" हेही त्यांनी खड्ड्यातूनच ओरडून सांगितलं.

परतताना गाडीत बाबा स्वतःहूनच म्हणाले, "डॉक्टरची तारीख घेऊन टाक. ऑपरेशनचं भेव वाटत होतं मले. पन डोळे गेले असं समजून बसनं त्याच्याऊन वाईट हाय."

ते चुंबक आता चंद्रपूरला माझ्या फ्रिजवर आहे. बाबा "टॅबले काई नाई झालं" म्हणाले तेव्हा मी टॅब उघडून बसले होते... शेवटी त्यांच्या शेजारी जाऊन बसले, हे फार बरं झालं.